फक्त आतून कडी

शिंगणापूर, वस्तीवरून
३० जानेवारी २०२५

पंकजा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र तसंच फळीवर ठेवून देशील, म्हणून पहिल्या ओळीतच सांगून टाकतो. घरी सगळे बरे आहेत. तांबडी व्यायली, कालवड झाली, कपाळावर पांढरा टिळा आहे. एवढं वाचून पुढचं नाही वाचलंस तरी माझं काही म्हणणं नाही. सहा वर्षांनी बापानं पत्र लिहायचं आणि वर हट्टही धरायचा, हे बरं दिसत नाही.

बातमी अशी की मी नगरला अधिवेशनाला चाललोय. जिल्ह्यातल्या दारं-खिडक्या बनवणाऱ्यांचं अधिवेशन, तीन दिवसांचं, नागापूरला मनमाड रोडच्या एका लॉनवर. सोनईचे हार्डवेअरवाले रामहरीशेठ दरवर्षी जातात. यंदा त्यांच्या घरी लग्न आहे, म्हणून त्यांनी आपला पास माझ्या हातात ठेवला. म्हणाले, "सूर्यभानराव, धंद्यात उतरून दोन वर्षं झाली तुमाला. आता जरा चार लोकांत बसा. मानसं कशी बोलत्यात, कसा माल मांडत्यात, बघा तरी."

तर त्रेसष्टाव्या वर्षी तुझा बाप नवखा म्हणून चाललाय. तोही दारांच्या धंद्यात, आणि तोही शिंगणापूरचा, जिथं घराला चौकट असते आणि चौकटीत दार नसतं. तुझी आई गेले चार दिवस पदर तोंडाला लावून हसते. काल म्हणाली, "आवो, तिथं कुनी इचारलं, तुमच्या घराला कंचं दार हाय, तर काय सांगताल?"

"सांगीन, वाऱ्याचं."

"आन् त्याला बिजागरी कसली?"

त्या बिजागरीचं उत्तर अजून शोधतोय.

तुला वाटेल, ह्यांना सुतारकी कधी आली. तुझ्यामुळं आली. तू जुन्या बाजारातून टेम्पोत घालून आणलेलं ते सागाचं दार. मागच्या खोलीला लावायचं म्हणालीस, मी लावू दिलं नाही, गोठ्यात टेकवून ठेवलं. तू गेल्यावर वर्षभरानं कोंबड्यांच्या खुराड्यासाठी मी ते मोडायला घेतलं. मोडेना. कुठं एक खिळा नाही आणि तरी सुटेना. मग मी त्याच्यासमोर बसलोच. एका फळीची जीभ दुसरीच्या खाचेत शिरलेली आणि त्या दोघींना धरून आडवी एक लाकडी खुंटी, करंगळीएवढी. ती ठोकून काढली तसं सगळं दार आपणहून सैल झालं, दमलेल्या माणसानं अंग टाकावं तसं. मग मला ते पुन्हा जोडावंसं वाटलं. जोडलं. पुन्हा सोडलं. त्या एका दारावर मी सुतारकी शिकलो, बाकीची मोबाइलमध्ये बघून. मी सातवी शिकलेला, पण हात शाळेत जायचे राहिले होते ते असे गेले. आता आसपासच्या पाच-सहा गावांत माझ्या हातची दारं आहेत. तुझं मात्र गोठ्यातच आहे. धूळ पुसून ठेवतो.

तुझी खुशाली मला कळत नाही असं समजू नकोस. तुझी आई मावशीकडं जाते म्हणून एसटीत बसते आणि येताना तिच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी असते. मावशीच्या हातची चटणी खारट, तीस वर्षं खातोय. ही तशी नसते. मी अर्धी भाकरी जास्त खातो. तुला सातवा लागला हेही असंच कळलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं म्हणून आईनं विषय काढला तेव्हा तू काय म्हणालीस, तेही कळलं. "ज्या घरात मला एक दार मिळालं नाही, त्या घरात मी बाळाला घेऊन झोपणार नाही."

हे तिनं मला कांदे निवडताना सांगितलं. मी कांदे निवडत राहिलो.

तू यावंस असं मला वाटतं. हे एक वाक्य लिहायला दोन कप चहा गेला.

अधिवेशनाच्या जागेपासून तुझं घर जवळ आहे म्हणे. काळजी करू नकोस, बोलावल्याशिवाय येणार नाही.

आप्पा


नागापूर, लॉजवरून
७ फेब्रुवारी, संध्याकाळ

पंकजा,

आधीचं पत्र टाकायला सोनईच्या पोस्टात गेल्तो. हात पेटीच्या तोंडापर्यंत गेला आणि परत खिशात आला. आता हे त्याच्याच घडीत ठेवीन.

सकाळी लॉनवर पोचलो. फाटकाशी टेबल, टेबलामागं दिशा नावाची मुलगी, तुझ्याच वयाची. मी नाव सांगितलं. तिनं विचारलं, "काका, कंपनीचं नाव?"

"कंपनी नाही बाई. गोठ्याच्या पडवीत काम करतो."

"मग बिल्ल्यावर काय लिहू?"

"गाव लिहा."

तिनं शिंगणापूर लिहिलं आणि मान वर केली. "पण काका, तिथं तर..."

"हो," म्हटलं, "तिथलाच."

ती हसली आणि बिल्ला माझ्या गळ्यात घातला. पोळ्याच्या बैलासारखी माझी मान आपोआप ताठ झाली.

पण पोरी, आत पाय टाकला आणि मी उभाच राहिलो. मैदानभर दारं. नुसती दारं. एकालाही भिंत नाही, छप्पर नाही, घर नाही. हिरवळीवर आपापल्या चौकटीत उभी. ऊन तिरपं होतं, प्रत्येक दाराची सावली पुढच्या दारावर पडली होती. आपल्याकडं दारांवाचून घरं, इथं घरांवाचून दारं. मला वाटलं, ही आपल्याच गावची आहेत. पणजोबापासून आपण जी लावली नाहीत, ती सगळी इथं येऊन कुणाची तरी वाट बघतायत.

मी एकेक उघडत गेलो. उघडायचं, पलीकडं जायचं, वळून लोटायचं. पलीकडं तीच हिरवळ आणि तेच ऊन. तरी दर वेळी वाटायचं, कुठंतरी आलो. एक निळं दार होतं, त्याला हात लावला आणि उगाच वाटलं, पलीकडं तू बसली असशील, दोन वेण्या घातलेली, पाटी मांडीवर. मी ते हळूच उघडलं. पलीकडं एक माणूस वडापाव खात होता. "या," म्हणाला.

एका कोपऱ्यात यंत्र आहे, ते एक दार उघडतं आणि लावतं, उघडतं आणि लावतं. बिजागरी किती टिकते ते पाहण्यासाठी. वर आकडे फिरतात. मी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसलो आणि माझा डोळा लागला. स्वप्नात आपलं घर होतं. माळावरचा वारा समोरून येऊन मागून जात होता, पाकोळ्या आरपार उडत होत्या, आणि मागच्या खोलीच्या चौकटीत काहीतरी सारखं उघडत-लागत होतं, पण ते काय ते दिसत नव्हतं. जागा झालो तर आकडा तीनशेनं पुढं गेला होता.

इथं जो भेटतो तो कार्ड देतो. छापलेलं, गुळगुळीत. माझ्याकडं कुठलं. पण पिशवीत सागाचे कापलेले तुकडे होते, दोन बोटं रुंद. त्यांच्यावर पेन्सिलीनं नाव आणि नंबर लिहून देऊ लागलो. लोक वास घेऊन खिशात ठेवत होते. संध्याकाळपर्यंत एकच उरला.

खोलीत माझ्याबरोबर पुंजाराम आहे. पुणतांब्याचा, ॲल्युमिनियमच्या खिडक्या करतो, पन्नाशीचा, अंगानं भारी आणि बोलायला हळू. दुपारी त्याची एक गंमत झाली. जेवताना त्याच्या सदऱ्यावर आमटी सांडली. आम्ही खोलीवर आलो, तो कपडे बदलायला लागला, मी म्हटलं, चहा सांगून येतो. गेलो. आता दार मी कशाला लावतोय. जन्मात कधी लावलं नाही. खोलीतून बाहेर पडल्यावर मागं हात न्यायचा असतो, हे माझ्या हाताला माहीतच नाही.

शेजारच्या खोल्यांत लग्नाचं वऱ्हाड उतरलंय. चार बायका रुखवताची ताटं घेऊन आल्या, दार सताड उघडं बघून वऱ्हाडाचीच खोली समजल्या आणि सरळ आत. मी जिना चढून वर येतोय तर बायका हसत खाली पळतायत, एक लाडू पायऱ्यांवरून गडगडत चाललाय, आणि आत पुंजाराम पलंगावरची चादर गुंडाळून भिंतीला चिकटलेला.

मी इतका हसलो की चहावाल्यालाही हसू आवरेना.

पुंजाराम नाही हसला. दमला असेल.

आप्पा


नागापूर
८ फेब्रुवारी, शनिवार

पंकजा,

कालच्या पत्राचं शेवटचं वाक्य खोडायला हवं. खोडत नाही, तसंच राहू दे. माणूस कसा स्वतःला चुकवतो ते तुला दिसेल.

सकाळी पुंजाराम बूट घालत होता. मी म्हटलं, "काय पुंजारामशेठ, आज वऱ्हाड न्हाई आलं."

तो खालीच बघत म्हणाला, "दादा, एक बोलू का? राग नका मानू."

"बोला की."

"दुसऱ्याचं असतं तर मी पन हसलो असतो. पर कालपासनं मी सारखी बटनं चाचपतोय. सदरा घातलेला हाय, तरी. चार लेकरांचा बाप मी, आन् मला माझ्याच अंगाची लाज वाटतीय."

"त्या बायकांनी मुद्दाम न्हाई केलं."

"त्या बायकांचं काय न्हाई हो. त्या चुकून आल्या, पळून गेल्या. दार तुमी उघडं टाकलं. आन् वर तुमीच हसला. त्ये लागलं."

पंकजा, तो बूट घालून निघून गेला आणि मी पलंगावर बसून राहिलो. माझ्या कानात त्याचा आवाज नव्हता, तुझा होता. तूही अगदी हेच म्हणाली होतीस. शब्द वेगळे होते. तेव्हा मी म्हणालो होतो, "ती भाविक मानसं, त्यांनी काय बघितलं न्हाई, तू उगं बाऊ करतीस."

आता सगळं लिहितो. तुला माहीतच आहे, तरी मी लिहिलेलं तुझ्याकडं असावं.

तो शनिवार होता. लांबून आलेली सहा-सात माणसं रस्त्यावर भेटली, म्हणाली, दार नसलेलं घर बघायचंय. मी दर शनिवारी कुणाला तरी आणायचो, मला त्याचा लई अभिमान. त्यांना घेऊन आलो. पुढची खोली दाखवली. स्वयंपाकघर दाखवलं. मग म्हणालो, "या, मागची पन बघा, कुठंच दार न्हाई आमच्यात." आणि मागच्या खोलीचा लुगड्याचा पडदा मी माझ्या हातानं सारला. एकाचा मोबाइल चालू होता.

तू कपडे बदलत होतीस. तू ओरडलीसुद्धा नाहीस. खाली बसलीस, एवढंच.

मी आवाज दिला नव्हता. आपल्याच घरात आवाज कशाला द्यायचा, असं मला वाटायचं. तू दार आणलंस त्याला पंधराच दिवस झाले होते, आणि ते गोठ्यात उभं होतं. माणसं गेल्यावर मी तुला समजावलं, म्हणजे रागावलो. आणि शेवटी हसलोही. गमतीवारी न्यावं म्हणून. तुझी आई सांगते, तू हॉस्टेलला निघालीस ती त्या हसण्यामुळं. मी तिला सहा वर्षं म्हणत आलोय की असं काही नव्हतं.

आज दुपारी मला व्यासपीठावर बोलावलं. ठरलेलं नव्हतं. दिशानं बिल्ल्यावरचं गाव कुणाला तरी सांगितलं असणार. सूत्रसंचालक म्हणाले, "आता आपण अशा पाहुण्यांना ऐकू, जे दारं बनवतात आणि ज्यांच्या स्वतःच्या घराला दार नाही." सगळे हसले. माझं भाषण पाठ होतं, भाविकांना सांगतो तेच. आमचा देव राखण करतो, आम्हाला भय नाही, माणसानं माणसावर विश्वास ठेवावा. ते मी आजही मानतो. पण माइकसमोर उभा राहिलो आणि समोर तिसऱ्या रांगेत पुंजाराम बसलेला दिसला, गळ्याचं बटण लावलेलं.

मी म्हणालो, "आमच्याकडं दार नाही, कारण चोराची भीती नाही. दार चोरासाठीच असतं, असं मी धरून चाललो. माझ्या मुलीनं एकदा एक दार आणलं होतं. ते चोरासाठी नव्हतं. माझ्यासाठी होतं. मी विचारून आत यावं म्हणून. हे मला आज सकाळी कळलं."

कुणी हसलं नाही. बाहेर ते यंत्र दार उघडत-लावत होतं, तेवढाच आवाज. तेवढ्यात पुंजाराम बसल्या जागेवरून म्हणाला, "मग आता लावनार का न्हाई दादा ते दार?"

"लावीन."

"आन् कुलूप?"

मी विचार केला नव्हता. तोंडातून आपोआप गेलं, "बाहेरनं काही नाही. कुलूप अडकवायचा कोयंडासुद्धा नाही. फक्त आतून कडी. आत असंल त्यानं लावायची, आत असंल त्यानं काढायची."

खाली उतरलो. पुंजारामनं शेजारची खुर्ची रिकामी ठेवली होती. मी बसलो. म्हटलं, "माझं चुकलं." तो म्हणाला, "बसा. पानी प्या." मी पेला रिकामा केल्यावर म्हणाला, "त्यो लाडू लई मोठा हुता." आणि तो पहिल्यांदा हसला, तेव्हा मीही.

इतक्या वर्षांत पहिला शनिवार मी शिंगणापुराबाहेर काढला.

आप्पा


नागापूर, तुझ्या घरासमोरच्या चहाच्या टपरीवरून
९ फेब्रुवारी, सकाळ

पंकजा,

निघताना तुझ्या आईनं भाकरीच्या फडक्यात एक चिठ्ठी बांधून दिली होती. तुझा पत्ता. वर लिहिलेलं, "लागला तर." ती मला किती वर्षांपासून ओळखते बघ.

पुंजारामनं मोटारसायकलवर आणून सोडलं. तो पलीकडं उभा आहे, आपल्याला काही दिसत नाही असं दाखवतोय. आज अधिवेशनाचा शेवटचा दिवस. आकाशी रंगाच्या बिजागऱ्यांवर भाषण आहे म्हणे, म्हणजे मीच आकाशी ऐकलं असेल, या दोन दिवसांत मला सगळंच जरा तसं दिसतंय. तुझी गल्लीसुद्धा. इथंही ओळीनं दारं आहेत, पण यांच्यामागं घरं आहेत, कुकरच्या शिट्ट्या आहेत. तुझं दार दुसऱ्या मजल्यावरचं, हिरवं. वर तोरण आहे. आईनं विणलेलं ते, ओळखलं.

मी वर जाऊन आलो. दारासमोर उभा राहिलो आणि काय करायचं ते समजेना. आपल्यात माणूस उंबऱ्याशी "हाय का कुनी" म्हणतो आणि म्हणता म्हणता आतच आलेला असतो. मी हात उचलला. बोटं कशी दुमडायची, तळव्यानं वाजवायचं की हाडानं, हे त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला ठाऊक नाही. खाली येऊन पुंजारामला विचारलं. तो म्हणाला, "दोनदा वाजवायचं हळू. मग दोन पावलं मागं सरायचं. आन् उघडलं तरी आत बघायचं न्हाई, मानसाच्या तोंडाकडं बघायचं."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही कुणाला विचारलं नव्हतं.

पण मी वाजवणार नाही. पहिल्या पत्रात लिहिलंय, बोलावल्याशिवाय येणार नाही. आज मी वाजवलं तर तू उघडशील, बाप उभा आहे म्हणून उघडावंच लागेल. तसं नको.

तुझ्या दाराखाली अर्ध्या बोटाची फट आहे. चारही पत्रं त्यातून सरकवतो आणि जातो. तू दार आणलं होतंस तेव्हाच मला कळायला हवं होतं. पडदा सारण्याआधी मी आवाज द्यायला हवा होता. आणि हसायला नको होतं. माझं चुकलं, पोरी.

मागच्या खोलीला मी दार लावणारच आहे. तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी. ते तुझं आहे.

पिशवीत तो शेवटचा सागाचा तुकडा होता, तोही पत्रांबरोबर ठेवतो. नंबर तोच आहे.

आप्पा


मागच्या खोलीबाहेर
२३ मार्च २०२५, दुपार

पंकजा,

तू आत आहेस आणि मी तुझ्या दाराबाहेर जमिनीवर बसलोय. बोलायला गेलो की माझं काहीतरी वाकडंच निघतं, म्हणून लिहितो. तीन दिवसांत तू माझ्याशी दोन वाक्यं बोललीस, "पाणी तापलंय का" आणि "कालवड छान आहे". मी दोन्ही जपून ठेवलीत.

दार लावलं ते कसं, ते सांगायचं राहिलं. नगरहून आल्यावर गोठ्यातून काढलं, पुन्हा एकदा सगळं सोडवलं, रंधा मारला, जवसाचं तेल पाजलं. नवी खुंटी बाभळीची केली. चौकटीत उभं करत होतो तेव्हा शेजारच्या बांधावरचा बिभीषण आला. त्याची जीभ तुला माहीत आहे.

"काय सूर्यभान, अधिवेशनाला काय गेला, दारवालाच झाला. आता कुलूप कवा आननार?"

"कुलूप न्हाई. हात फिरवून बघ, भायेरनं कोयंडा हाय का?"

त्यानं खरंच फिरवला. "मंग ह्ये दार कुनासाठी? चोराला तर ढकललं की उघडंल."

"चोरासाठी न्हाईच."

"मंग?"

"माझ्यासाठी," म्हटलं. तो डोकं खाजवत गेला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको येऊन बघून गेली. दारासमोर बराच वेळ उभी होती. जाताना आतल्या कडीला हात लावून गेली.

तुझ्या आईनं विचारलं, "देवाला काय सांगनार?" मी शनिवारी चौथऱ्याशी जाऊन सांगून आलो, पुढचा उंबरा होता तसा मोकळाच आहे, घर तुझ्याच भरवशावर आहे, हे तेवढं लेकीसाठी. देव काही बोलला नाही. तो कुणालाच काही बोलत नाही. पण येताना रस्ता मला लहान वाटला.

मग महिनाभर काहीच नाही. मी फोन खिशात ठेवून रंधा मारायचो आणि भास व्हायचा की वाजतोय. आणि त्या बुधवारी जावईबापूंचा, हर्षलरावांचा फोन आला. "आप्पा, उद्या आणून सोडतो. पण ती म्हणते, आधी दार बघीन, मग पिशव्या उतरवीन."

तू आलीस, गाडीतून उतरलीस, कुणाकडं बघितलं नाहीस, सरळ मागं गेलीस. मी कालवडीपाशी उभा होतो. तुझी पाठ दिसत होती, आणि एक हात कमरेवर. तू ते दार वरून खालपर्यंत बघितलंस. बाहेरच्या बाजूला, जिथं कोयंडा असतो तिथं बोट फिरवलंस. मग आत गेलीस. मग कडीचा आवाज आला.

पंकजा, मी जन्मात पुष्कळ आवाज ऐकले. तुझं पहिलं रडणं ऐकलं ते याच खोलीत. पण या घरात कडी लागल्याचा आवाज आजवर कुणी ऐकला नव्हता, माझ्या आजानंही नाही. किती छोटा असतो तो. मला वाटलं होतं, माझ्या तोंडावर लागल्यासारखा वाटेल. तसं नाही वाटलं. तू आत आहेस, नीट आहेस, एवढंच वाटलं. तुझ्या आईनं डोळे पुसले आणि मला म्हणाली, "ऐकलं ना? आता जावा तिकडं." मग कडी निघाली, आणि तू आतून म्हणालीस, "हर्षल, पिशव्या उतरव."

काल शनिवार होता. रस्त्यावर माणसं भेटली, म्हणाली, दार नसलेलं घर दाखवता का. मी त्यांना ओट्याबाहेरूनच सांगितलं, "चौकट बघा, फोटो काढा. आत लेक आलीय." एक बाई म्हणाली, "बरोबर आहे काका." सोप्पं होतं ते. सहा वर्षांपूर्वीही इतकंच सोप्पं होतं.

वारा आता सरळ आरपार जात नाही. तुझ्या दाराशी थांबतो, खालून थोडा शिरतो. पाकोळ्या पहिले दोन दिवस गोंधळल्या, आता वळसा घालून जातात.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. दार बसवताना ते खाली चौकटीला घट्ट टेकत होतं. अर्ध्या बोटाएवढं मी तासून काढलं. बिभीषण म्हणाला, माप चुकलं तुझं. चुकलं नाही. तुझ्या नागापूरच्या दाराएवढीच फट आहे.

आई स्वयंपाकघरातून म्हणतीय, भाकरी गार होतीय, पोरीला हाक मारा. मी हाक मारत नाही आणि वाजवतही नाही. हे पत्र फटीतून सरकवतोय. एक टोक माझ्या बोटाखाली आहे. तुझ्या बाजूनं ओढलंस की सोडीन.

आप्पा